बंद दार आणि उघडा छापखाना

तोरणमाळला महाशिवरात्रीला गोरखनाथाची यात्रा भरते. नाथपंथात गुरू शिष्याच्या कानात मंत्र देतो. तो मंत्र गुप्त राहतो, तरी यात्रेकरूंना त्याची धास्ती वाटत नाही. जोगी पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचे असतात. फ्रीमेसन (मेसन) या गुप्त विधी पाळणाऱ्या बंधुमंडळाची ओळख मात्र बहुतेकांना झाली ती छापील कागदावरून. तो कागद काय काय करू शकला, हे पाहून थक्क व्हायला होतं.

मुंबईत ३ जानेवारी १८४३ रोजी जे. जे. रुग्णालयाची कोनशिला मेसनिक विधींनी, भर समारंभात बसवली गेली. माणकजी करसेटजी या पारशी गृहस्थांना मुंबईच्या लॉजनं, म्हणजे मेसनांच्या स्थानिक शाखेनं, प्रवेश नाकारला, तेव्हा त्यांनी पॅरिसला दीक्षा घेतली; १८४३ च्याच डिसेंबरात भारतीयांना प्रवेश देणारं 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हे लॉज मुंबईत निघालं. इतकं उघड्यावर घडूनही लोक लॉजला 'जादूघर' म्हणत राहिले.

अमेरिकेत तर छापखान्यानं राजकारणच हलवलं. १८२६ मध्ये मेसनांची गुपितं छापायला निघालेला विल्यम मॉर्गन बेपत्ता झाला, तो कायमचाच. त्याला मेसनांनीच नाहीसं केलं, हा संशय मेसनविरोधी वृत्तपत्रांनी गावोगाव पोचवला, त्यातून मेसनविरोधी पक्ष उभा राहिला आणि १८३२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत त्यानं व्हरमाँट राज्य जिंकलं.

फ्रान्समध्ये लिओ टॅक्सिल या लेखकानं याहून अजब खेळ केला. त्याच्या गोतावळ्यातून निघालेल्या छापील मालिकेत मेसनांची सैतानपूजा होती, पियानो वाजवणारी मगर होती आणि कोलकात्यातली सैतानी देवळंही होती! अनेक कॅथलिक पत्रांनी यावर विश्वास ठेवला. १९ एप्रिल १८९७ रोजी पॅरिसच्या भरसभेत टॅक्सिलनं सांगून टाकलं, की बारा वर्षं आपण थापा मारत होतो. थापा मात्र आजही फिरतात.

२०१८ मध्ये लंडनच्या 'गार्डियन'नं खासदार आणि पत्रकारांच्या मेसन लॉजविषयी बातमी दिली. लगेच मेसनांच्या इंग्लंडमधल्या शिखर संस्थेनं 'आता पुरे' अशा अर्थाच्या पानभर जाहिराती वृत्तपत्रांनाच दिल्या. बातमीतलं 'गॅलरी लॉज' तर पत्रकारांसाठीच स्थापन झालेलं.

दार बंद असलं की आत काय चाललंय ते बाहेरचा लिहिणारा ठरवतो. म्हणून कुठल्याही गुप्त मंडळाची बातमी वाचताना आधी विचारा: लिहिणाऱ्यानं स्वतः काय पाहिलं, आणि कुणाचं ऐकून लिहिलं?