थेंबाचे मान

जबलपूरच्या मराठी घरांत ‘थेंब’ आणि ‘बूँद’ हे दोन्ही शब्द सहज वावरतात. मापाचा नेमकेपणा मात्र दोहोंतही नाही. औषधशास्त्राच्या संकेतानुसार पाण्याचे सुमारे २० थेंब म्हणजे १ मिलिलिटर. या हिशेबाने सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला ८६,४०० थेंब, म्हणजे ४.३२ लिटर पाणी दवडील. परंतु थेंबाचे आकारमान तोटीच्या मुखावर आणि द्रवाच्या पृष्ठताणावर अवलंबून असते. शिरेतून द्रव देण्याच्या सूक्ष्म नळीत त्याच मिलिलिटरचे ६० थेंब होतात.

वाग्भटाने म्हणूनच की काय, ‘अष्टांगहृदया’त नुसता ‘बिंदू’ म्हणून भागवले नाही. तर्जनीची दोन पेरे द्रवात बुडवून वर काढल्यावर जेवढे गळेल तो बिंदू, असे त्याने सांगितले. तोटीचे काम बोटाकडे आले. मर्श नस्याच्या उत्तम, मध्यम व हीन मात्रा अनुक्रमे १०, ८ व ६ बिंदूंच्या. बोटाचे टोक काचेच्या नळीहून रुंद असल्याने हा बिंदूही मोठा. मराठी अनुवादात ‘१० थेंब’ छापले आणि वाचकाने अर्धा मिलिलिटर धरला, तर मूळ मात्रा घटते. अनुवादकाने येथे ‘बिंदू’ हाच शब्द ठेवून बोटाची व्याख्या त्याच पानावर द्यावी.