परवानगी: मागणारा कोण, देणारा कोण?

मंडळी, अलिबागचा कुलाबा किल्ला आपण पाहिलेला आहे. कान्होजी आंग्र्यांच्या काळात या किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजांना त्यांचं दस्तक घ्यावं लागे. मागणारा जहाजवाला, देणारे आंग्रे. आणि दस्तक कशाचं, हे दोघांनाही ठाऊक.

संगणकावर मागतो प्रोग्राम आणि देणारे आपण. पण काय देतोय, हे आपल्याला कळतंच असं नाही. २००७ साली बाजारात आलेलं विंडोज व्हिस्टा पदोपदी विचारू लागलं, तेव्हा लोक न वाचताच होकार देऊ लागले. म्हणून २००९ च्या विंडोज ७ मध्ये हे विचारणं कमी केलं गेलं. अँड्रॉइडवर पूर्वी ॲप घेतानाच सगळ्या परवानग्या एकदम द्याव्या लागत. २०१५ च्या सहाव्या आवृत्तीपासून कॅमेरा लागेल तेव्हाच कॅमेरा मागण्याची सोय झाली.

कारण कळलेलं असतं आणि नकार देता येतो, तिलाच आपण संमती म्हणतो. नुसतं बोट टेकवणं म्हणजे संमती नव्हे. तेव्हा परवानगीची चौकट आली की एवढंच विचारू: आत्ता आपण जे करतोय, त्याला हे लागतं का? टॉर्चच्या ॲपला आपल्या ओळखीपाळखीचे नंबर कशाला हवेत? उत्तर सापडलं नाही, तर सरळ नाही म्हणू. परवानगी नंतरही देता येते. गेलेली माहिती मात्र परत आणता येत नाही.