पुढच्या चाकांचा वाटा

परतवाड्याहून धारणीकडे निघालेला रस्ता घटांग मागे टाकून सेमाडोहकडे उतरतो. डांबर आहे तोवर तिथे कुठलीही गाडी चालते. डांबर सोडून जंगलातल्या कच्च्या वाटेला लागलं, की जिप्सीचा चालक गिअरच्या दांड्याशेजारचा दुसरा, आखूड दांडा ओढतो. पावसाळ्यात मेळघाटातले नाले भरतात, कित्येक गावांचा संपर्क तुटतो, आणि गस्त मात्र चालूच ठेवावी लागते. त्या दिवसांत या आखूड दांड्याची किंमत कळते.

हा दांडा ओढला की इंजिनाची ताकद निम्मी पुढे आणि निम्मी मागे जाते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. जाहिरातीही पन्नास-पन्नासचा आकडा बिनदिक्कत छापतात. मला हा आकडा खटकतो, कारण त्याच्यामुळे यंत्राची खरी गंमतच झाकली जाते. गिअर बॉक्सच्या मागे ‘ट्रान्सफर केस’ नावाची एक पेटी असते. आखूड दांडा त्या पेटीतला पुढच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट मागच्या शाफ्टशी घट्ट जोडून टाकतो, एवढंच. दोन्ही शाफ्ट आता एकाच वेगाने फिरणार हे नक्की झालं. जोर किती कुठे जाणार हे मात्र चाकाखालची जमीन ठरवते.

सिपना नदीला मिळणारा एखादा नाला पार करून जिप्सी वर चढते आहे, असं समजा. पुढची चाकं खडकावर पोचली आहेत, मागची अजून गाळात आहेत. इंजिनाकडून १०० भाग जोर आला. गाळ १० भागांपेक्षा जास्त पेलू शकत नाही, त्यापुढे चाक नुसतं गरगरतं. पण शाफ्ट एकमेकांना बांधलेले असल्याने मागच्या चाकांना एकटं गरगरता येत नाही. उरलेला ९० भाग जोर पुढे जातो आणि खडकाची पकड चांगली असली तर गाडी वर येते. त्या क्षणी वाटणी असते ९० आणि १० अशी. चार फूट पुढे गेल्यावर ती वेगळीच असेल.

हेच शाफ्ट घट्ट न जोडता मध्ये डिफरन्शियल ठेवलं तर काय होईल? डिफरन्शियल दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतं, पण जोर मात्र समान ठेवतं. बैलजोडीचं जू मध्यावर सैल फिरतं, तसाच हा प्रकार. एक बैल ओढायचा थांबला की दुसऱ्याच्या ताकदीचाही उपयोग उरत नाही. मागे १० भागच पेलले जात असतील, तर पुढेही १०च मिळणार आणि गाडी जागची हलणार नाही. जुवाचा आस मध्यावरून जरा सरकवला तर एका बैलावर कमी आणि दुसऱ्यावर जास्त भार येतो. काही गाड्यांत ग्रहमालेसारख्या रचलेल्या गिअरांनी अशी ४०-६० वाटणी कायमची करून ठेवलेली असते. १९७० ची रेंज रोव्हर आणि १९८० ची ऑडी क्वात्रो या दोन्ही गाड्यांची चारही चाकं सदैव इंजिनाला जोडलेली होती. दोन्हींत मधलं डिफरन्शियल होतं आणि ते बंद करून टाकण्याची, म्हणजे लॉक करण्याची सोयही होती. गाळात शेवटी तेच करावं लागतं.

मग डिफरन्शियल ठेवायचंच कशाला? चिखलदऱ्याच्या घाटातल्या एखाद्या वळणावर याचं उत्तर मिळतं. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठा वळसा घेतात, म्हणजे त्यांना जास्त फिरावं लागतं. शाफ्ट बांधलेले असले तर ते जमत नाही. मातीत चाक थोडं घसरून फरक भरून काढतं, कोरडं डांबर मात्र घसरू देत नाही. सगळा ताण शाफ्टमध्ये आणि गिअरांत साठत जातो. स्टिअरिंग जड होतं, गाडी अडखळते, आणि आखूड दांडा इतका आवळला जातो की बाहेर येत नाही. अशा वेळी जाणता चालक गाडी थोडी मागे घेतो, ताण उतरतो आणि दांडा सुटतो. विलीज जीपपासून आजच्या थारपर्यंत दांड्याने शाफ्ट बांधण्याची हीच पद्धत चालत आली आहे. विलीजची जोडणी स्वातंत्र्यानंतर लगेचच महिंद्रने मुंबईत माझगावला सुरू केली होती. २०२० ची थार नाशिकला तयार होते आणि तिच्यातही हा दांडा हातानेच टाकावा लागतो.

शहरी एसयूव्हींमध्ये दांडा नसतो. पुढची चाकं नेहमी चालतात, आणि ती घसरू लागली की संगणक चकत्यांचा क्लच आवळून मागच्या चाकांना जोडून घेतो. घाटातल्या ओल्या डांबरावर ही सोय जुन्या पद्धतीपेक्षा निश्चित चांगली आहे, कारण चालकाला काही ठरवावं लागत नाही. लांबलचक चिखलात मात्र क्लच घासून तापतो, आणि स्वतःला वाचवण्यासाठी यंत्रणा मागच्या चाकांना सोडून देते. अमरावती शहरातच फिरणाऱ्याने यासाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत असं माझं मत आहे. चारही चाकं चालली म्हणून ब्रेक काही जास्त चांगले लागत नाहीत.

आणि काळ्या मातीत तर भल्याभल्या गाड्या फसतात. पूर्णेच्या खोऱ्यातल्या मातीत माँटमोरिलोनाइट हे खनिज भरपूर आहे. ते पाणी पिऊन फुगतं आणि उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पाडतं. जुलैतल्या पांदणीवरून गेलेल्या गाडीचा टायर पाहा. नक्षीच्या खाचा गाऱ्याने गच्च भरलेल्या असतात आणि वर नुसता गुळगुळीत काळा लेप असतो. असं चाक पुढचं असो की मागचं, त्याला पकड नाहीच, आणि जमिनीने पेललाच नाही तर जोर वाटायचा कुणाला? तिथे हवा कमी करून टायर जमिनीवर जास्त पसरवणं आणि रुंद खाचांचे टायर वापरणं याचाच उपयोग होतो.

म्हणून वऱ्हाडातला या यंत्राचा खरा अभ्यास मला ट्रॅक्टरमध्ये दिसतो. फोर व्हील ट्रॅक्टर आता शेतकरी विचारपूर्वक घेतात, कारण पेरणीच्या घाईत पुरता वाफसा येण्याची वाट पाहायला प्रत्येकाला जमत नाही. ट्रॅक्टरची पुढची चाकं लहान असतात, आणि त्यांना गिअर असा दिलेला असतो की ती जमिनीवर मागच्या चाकांपेक्षा १ ते ५ टक्के जास्त अंतर कापायला बघतात. ती मागे पडली तर ओढण्याऐवजी ब्रेकसारखी अडतात. शिवाय वजन पुढे हवं. दोन चाकांवर चालणाऱ्या ट्रॅक्टरच्या पुढच्या आसावर एकूण वजनाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून कमी भार असतो, फोर व्हीलमध्ये तो ४० टक्क्यांच्या आसपास ठेवतात. कारण जिथे वजन नाही तिथे पकड नाही, आणि जोरही तिकडे जात नाही.

गडबड होते ती टायर बदलताना. पुढचे टायर झिजून घेर कमी झालेला असतो, तशात मागे थोडे मोठे नवे टायर बसवले की ती आघाडी संपते. चाकं एकमेकांशी झगडू लागतात, डिझेल जास्त जातं, पुढचे गिअर लवकर खराब होतात. हे घरच्या घरी तपासता येतं. चारही चाकांत योग्य हवा भरायची, मागच्या आणि पुढच्या एकेका चाकावर खडूने खूण करायची. फोर व्हील बंद ठेवून मागच्या चाकाचे १० फेरे होईपर्यंत ट्रॅक्टर सरळ न्यायचा आणि पुढच्या चाकाचे फेरे मोजायचे. मग फोर व्हील टाकून मोकळ्या मातीत पुन्हा तेवढेच १० फेरे. बंद असताना १३ आणि चालू असताना १३.४ आले, तर आघाडी सुमारे ३ टक्के, म्हणजे ठीक. दोन्ही वेळा आकडा सारखाच आला, किंवा चालू असताना कमी भरला, तर टायरचं माप बदलूनच पुढच्या हंगामाला लागावं.