गौरव गुरुजींचा, फी कुणाची?

जालना जिल्ह्याच्या आठही तालुक्यांतल्या जिल्हा परिषद शिक्षकांना दोन मोठे सरकारी सन्मान मिळू शकतात. एक, राज्याचा ‘क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले राज्य शिक्षक गुणगौरव पुरस्कार’. रोख रक्कम १ लाख १० हजार रुपये. पूर्वीच्या जादा वेतनवाढींची जागा आता या ठोक रकमेनं घेतली आहे. दुसरा, १९५८पासूनचा राष्ट्रीय पुरस्कार : ५० हजार रुपये, रौप्यपदक, प्रशस्तिपत्र. २०१८पासून यासाठी शिक्षकाला स्वतःच ऑनलाइन अर्ज करता येतो. गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या शिफारशीची वाट बघत बसावं लागत नाही, ही मोठीच सोय.

शिक्षण शुल्काची सवलतही राज्यात आहे, पण ती शिक्षकांच्या मुलांसाठी. तिचा पुरस्काराशी संबंध नाही. खुद्द शिक्षकाच्या पुढच्या शिक्षणाची फी यांपैकी कशातच बसत नाही. मंठा किंवा जाफराबादच्या एखाद्या वाडीवर दोनशिक्षकी शाळा सांभाळणाऱ्या बाईंना एम.एड. करायचं, तर पैसे पगारातूनच काढावे लागतात. शाल-श्रीफळासोबत एका पदवीची फी सरकारनं भरावी, असं मनापासून वाटतं.