राग तीन आठवड्यांचा, सवय वर्षांची

गोमंतकात मांडवी म्हटले की नदी डोळ्यांपुढे येते. गायकवाडांच्या वडोदऱ्यात मात्र मांडवी म्हणजे जुन्या तटबंदीच्या शहराच्या मधोमध उभी असलेली कमानींची वास्तू. लहरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट या चार दरवाजांकडून येणारे रस्ते तेथे एकत्र येतात आणि त्यांच्या दुतर्फा बाजार आहे. अशा बाजारात गिऱ्हाईक एखाद्या दुकानदारावर रुसले, तर ते शेजारच्या दुकानाची पायरी चढते. तो रुसवा दुकानदाराला दिसतो आणि चार लोकांनाही दिसतो. आज तेच गिऱ्हाईक घरबसल्या मोबाइलवरून खरेदी करते. मग राजकीय वादातून उसळलेला त्याचा राग कोठे जातो आणि किती दिवस टिकतो, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

गुजरातने याचे एक जुने रूप पाहिले आहे. २००६ मध्ये अभिनेता आमिर खान याने नर्मदा धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाची बाजू घेतली, तेव्हा राज्यात संताप उसळला आणि तेथील बहुतेक चित्रपटगृहांनी त्याचा ‘फना’ दाखवला नाही. येथे निर्णय पडदा मालकीचा असलेल्यांनी घेतला होता. प्रेक्षकाच्या मनात काय होते, हे त्यातून कळले नाही.

नऊ वर्षांनी, नोव्हेंबर २०१५ मध्ये, याच अभिनेत्याने दिल्लीतील एका पुरस्कार सोहळ्यात देशातील असहिष्णुतेविषयी काढलेल्या उद्गारांवरून वादळ उठले. या वेळी त्याची झळ स्नॅपडील या ऑनलाइन विक्री कंपनीला बसली, कारण तो तिच्या जाहिरातींचा चेहरा होता. संतापलेल्यांनी तिचे अ‍ॅप मोबाइलवरून काढून टाकले आणि तिला एका ताऱ्याचे मानांकन दिले. ‘पुरस्कारवापसी’च्या धर्तीवर या मोहिमेला ‘अ‍ॅपवापसी’ असे नाव पडले. ती विधाने व्यक्तिगत असून आपला त्यांच्याशी संबंध नाही, असा खुलासा कंपनीने केला. २०१६ च्या प्रारंभी आमिरबरोबरचा करार संपला आणि त्याचे नूतनीकरण झाले नाही.

पुढे स्नॅपडील मागे पडली, हे खरे. परंतु त्या काळात फ्लिपकार्ट आणि अ‍ॅमेझॉन यांच्याशी तिची प्रचंड खर्चाची स्पर्धा सुरू होती आणि २०१७ मध्ये फ्लिपकार्टमध्ये विलीन होण्याची बोलणीही फिसकटली. त्यामुळे तिच्या घसरणीचे खापर एका वादावर फोडणे तर्काला धरून होत नाही. याच कंपनीला एप्रिल २०१७ मध्ये आणखी एक फटका बसला. स्नॅपचॅट या निराळ्याच कंपनीच्या प्रमुखाने भारताला गरीब म्हटल्याचा आरोप गाजला आणि नावातील साम्यामुळे अनेकांनी स्नॅपडीलचे अ‍ॅप काढून टाकले. रागाला नेमका पत्ता लागतोच असे नाही.

अ‍ॅप काढून टाकायला काही सेकंद लागतात, पैसा लागत नाही आणि ते केल्याचे जगाला सांगता येते. ते पुन्हा घेण्यासही तेवढाच वेळ लागतो, मात्र ते कोणी जाहीर करत नाही. दरम्यान साठवलेले पत्ते, भरलेली सदस्यता, परत घेण्याची हमी आणि दारात पैसे देण्याची सोय ग्राहकाला मागे खेचत असतात. ही निष्ठा मनाची असण्यापेक्षा सवयीची अधिक असते आणि सवय वादविवादात भाग घेत नाही. गलवानच्या चकमकीनंतर जून २०२० मध्ये चिनी मालावर बहिष्काराच्या घोषणा सुरू असतानाच, वनप्लस या चिनी कंपनीचा नवा फोन अ‍ॅमेझॉनवर काही मिनिटांत संपला होता.

अमेरिकेतील अनुभवही असाच आहे. २०२० मध्ये गोया या खाद्यपदार्थ कंपनीच्या प्रमुखाने अध्यक्ष ट्रम्प यांची स्तुती केली. विरोधकांनी बहिष्कार पुकारला, तर समर्थकांनी मुद्दाम खरेदी केली. विक्रीच्या आकड्यांचा अभ्यास करणाऱ्यांना आढळले की विक्री घटण्याऐवजी सुमारे २२ टक्क्यांनी वाढली आणि ती वाढही तीन आठवड्यांत ओसरली.

मग १९०५ चा स्वदेशीचा बहिष्कार एवढा खोल का रुजला? वंगभंगानंतर पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली, तेव्हा त्यामागे नेतृत्व, संघटना आणि दीर्घकालीन ध्येय होते. शिवाय कापड अंगावर दिसते. कोणी काय नेसले आहे, हे गल्ली पाहत असे. आजचे खोके बंद येते आणि बंदच घरात जाते. समाजाचा डोळा नसला की बहिष्कार ज्याच्या त्याच्या मनोनिग्रहावर उरतो.

महाराष्ट्रातील अनुभव याहून निराळा आहे. अ‍ॅमेझॉनच्या अ‍ॅपमध्ये मराठी हवी, अशी मागणी महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने २०२० मध्ये केली. डिसेंबरमध्ये पुणे आणि मुंबई येथे कंपनीच्या कार्यालयांची तोडफोडही झाली. सप्टेंबर २०२१ मध्ये अ‍ॅमेझॉनवर मराठी आली. तोडफोडीचे समर्थन होऊ शकत नाही, पण मागणीचे स्वरूप ध्यानात घेण्यासारखे आहे. ती नेमकी होती, कंपनीच्या हातातील होती आणि पूर्ण झाली की नाही हे कोणालाही पडताळता येण्याजोगी होती. एखाद्या अभिनेत्याच्या मताविषयीच्या रागाला असा शेवट नसतो.

आणखी एक बाब सहसा दुर्लक्षित राहते. परकीय गुंतवणुकीच्या नियमांनुसार अशा कंपन्यांना स्वतःचा माल थेट ग्राहकाला विकता येत नाही, त्या केवळ बाजारपेठ पुरवतात. माल असतो तो नोंदणीकृत विक्रेत्यांचा, आणि त्यांत लहान गावांतील छोटे व्यापारीही असतात. मोठ्या कंपनीवर उगारलेला हात पहिल्यांदा त्यांना लागू शकतो.

म्हणून पुढच्या वेळी बहिष्काराची हाक आली, तर वाचकाने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. दोष कंपनीच्या कृतीचा आहे की तिच्याशी संबंधित कोणाच्या मताचा? आपली मागणी नेमकी काय आहे? आणि तीन आठवड्यांनंतरही आपण ती धरून राहणार आहोत काय? तिसऱ्याचे उत्तर प्रामाणिकपणे ‘होय’ असेल, तर त्या रागाची दखल कंपन्यांना घ्यावीच लागेल.