सीमाभागातील सोसायट्यांचा नोकरवर्ग आणि न्यायाची वाट

१ नोव्हेंबर १९५६ रोजी चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा म्हैसूर (आजच्या कर्नाटक) राज्यात गेला, तेव्हा निपाणी-चिकोडी परिसरातील शेती सोसायट्यांचे राज्य बदलले तरी कायदा लगेच बदलला नाही. मुंबईचा १९२५ चा सहकार कायदा तेथे चालू राहिला आणि म्हैसूरच्या १९५९ च्या कायद्याने १ जून १९६० पासून अमलात आल्यावरच त्याची जागा घेतली. या नव्या कायद्याचे कलम ७०, म्हणजे सहकारी संस्थेतील वाद दिवाणी न्यायालयाऐवजी सहकार निबंधकाकडे नेण्याची तरतूद, पुढील साऱ्या इतिहासाच्या केंद्रस्थानी आहे.

या कलमाखाली संस्थेच्या घटनेशी, व्यवस्थापनाशी किंवा व्यवसायाशी निगडित वाद येत. परंतु सेवकाचा पगार हा संस्थेचा 'व्यवसाय' ठरतो काय? आंध्र प्रदेशातील सहकारी बँकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली याचे उत्तर नकारार्थी दिले आणि सेवाशर्ती बदलण्याचा प्रश्न औद्योगिक न्यायाधिकरणाचाच मानला. कर्नाटकाने १९७६ साली शिस्तभंगाची कारवाई कलम ७० मध्ये आणली, तरी कामगार न्यायालयाचा मार्ग खुला राहिला. २० जून २००० पासून अमलात आलेल्या आणि राष्ट्रपतींची संमती लाभलेल्या दुरुस्तीने मात्र नोकरीच्या अटी, कामाची परिस्थिती व शिस्तभंग हे सारे निबंधकाकडे सोपवले, आणि विजापूर दूध संघाच्या खटल्यात २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने हा बदल मान्य करताना त्यापूर्वी सेवकाला दोन्ही मार्ग उपलब्ध होते, हेही स्पष्ट केले.

सीमाभागात या बदलाचा अर्थ अधिक बोचरा आहे, कारण निपाणीहून हाकेच्या अंतरावरील कागल तालुक्यात महाराष्ट्राचा १९६० चा कायदा लागू असून त्याच्या कलम ९१ ने औद्योगिक वाद आणि पगारी सेवकावरील शिस्तभंगाची कारवाई सहकार न्यायालयाच्या कक्षेबाहेर ठेवली आहे. एकाच खोलीत कीर्द लिहिणारा, पीककर्जाचे अर्ज भरून घेणारा आणि युरियाची पोती मोजून देणारा सेवक कागलकडे कामगार न्यायालयाची वाट धरू शकतो. तोच सेवक निपाणीकडील 'कृषी पत्तीन'मध्ये, म्हणजे शेती पतसंस्थेत, असेल तर त्याला सहकार खात्याकडेच दाद मागावी लागते. ज्या खात्याची संस्थेवर देखरेख असते त्याच खात्याने सेवकाचा निवाडा करावा, ही रचना न्याय्य म्हणणे कठीण आहे. मात्र कामगार न्यायालयात आधी आपण 'कामगार' आहोत, व्यवस्थापक नव्हे, हे सिद्ध करण्याचे जे ओझे सोसायटीच्या सेक्रेटरीवर पडे, ते निबंधकापुढे पडत नाही, हा लाभही खरा आहे.

नेमणुकीच्या वादांना वेगळे वळण २००४ मध्ये मिळाले. तमिळनाडूतील सहकारी संस्थांच्या प्रकरणात, नियम डावलून झालेली नेमणूक केवळ दीर्घ सेवेमुळे कायम करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. संचालक मंडळाने तोंडी शब्दावर कामाला लावलेल्या माणसाची वर्षे त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने निराधार ठरतात, आणि चूक मंडळाची असूनही किंमत सेवक मोजतो.

पगाराच्या वादांचे मूळ अर्थव्यवहारात आहे. हा सेवक सरकारी नोकर नसल्याने सरकारी वेतनश्रेणीवर त्याचा हक्क नाही आणि त्याचा पगार प्रामुख्याने कर्जावरील व्याजाच्या फरकातून निघतो. कर्नाटकाने बिनव्याजी पीककर्जाची मर्यादा २०२३ साली तीन लाखांवरून पाच लाखांवर नेली; अशा कर्जाचे व्याज शेतकऱ्याऐवजी सरकारी अनुदानातून यायचे असल्याने ते लांबले की सोसायटीची तिजोरी अडते आणि पगार थकतो. निबंधकाने थकबाकीचा निवाडा सेवकाच्या बाजूने दिला तरी वसुली त्याच अडलेल्या तिजोरीतून करायची असते.