पिकअप ट्रकमधील इंजिन ऑइल शीतकरण व्यवस्थेची सुधारणा : फोर्ड ६.० लिटर डिझेल इंजिनाच्या संदर्भात

प्रस्तावना :
इंजिनातील तेलाचा विचार बहुधा घर्षणापुरता मर्यादित राहतो. वस्तुतः पिस्टनचा तळ, क्रँकशाफ्टची बेअरिंगे अशा ज्या भागांना कूलंटचा स्पर्श होत नाही, तेथील उष्णता वाहून नेण्याचे कार्य तेलच करते. अमेरिकेत २००३ ते २००७ या काळात फोर्ड कंपनीच्या सुपर ड्यूटी पिकअप ट्रकमध्ये नॅव्हिस्टार निर्मित ६.० लिटर व्ही-८ डिझेल इंजिन बसविले जात असे. त्यातील ऑइल कूलर हा वाहनधारकांच्या मोठ्या खर्चाचे कारण ठरला. सदर दोषाचे स्वरूप व त्यावरील उपाय यांचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

मूळ रचना :
या इंजिनात ऑइल कूलर सिलिंडरांच्या दोन रांगांमधील खोलगट जागेत बसविलेला असतो. एकावर एक रचलेल्या पातळ पत्र्यांच्या अरुंद मार्गांतून एकाआड एक तेल व कूलंट वाहतात. थंडीत तेल लवकर तापते आणि भार वाढल्यावर उष्णता कूलंटकडे जाते, हा या रचनेचा गुण होय. शिवाय या इंजिनातील इंजेक्टर उच्च दाबाच्या इंजिन तेलानेच चालतात. त्यामुळे तेलाचे तापमान व शुद्धता यांचा थेट परिणाम इंधन फवारणीवर होतो.

दोषाची साखळी :
ओतकामातील वाळूचे उरलेले कण आणि कूलंटमधून वेगळे झालेले सिलिकेट या अरुंद मार्गांत साचतात. परिणामी तेल तापू लागते. परंतु खरा धोका पुढे आहे. ऑइल कूलरमधून बाहेर पडणारे कूलंटच पुढे ई.जी.आर. कूलरला, म्हणजे पुन्हा इंजिनात सोडल्या जाणाऱ्या धुराला थंड करणाऱ्या भागाला, मिळते. प्रवाह घटताच तेथील कूलंट उकळते, कूलर फुटतो व कूलंट सिलिंडरपर्यंत पोहोचू शकते. प्रत्येक सिलिंडरभोवती चारच हेड बोल्ट असल्याने वाढलेल्या दाबाखाली हेड गॅस्केटही निकामी होण्याचा संभव असतो. अशा रीतीने एका लहान भागातील अडथळा संपूर्ण इंजिनावर बेततो.

निदान :
इंजिन पूर्ण तापल्यावर सपाट महामार्गावर स्थिर वेगाने चालताना तेल व कूलंट यांच्या तापमानातील फरक पाहावा. तो १५ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ८ अंश सेल्सिअसपेक्षा सातत्याने अधिक असल्यास कूलर तुंबला आहे असे समजतात.

सुधारणेचे पर्याय :
१) मूळ पद्धतीचा नवा कूलर बसविणे. मात्र आधी शीतकरण व्यवस्था धुऊन काढली नाही, तर जुनाच गाळ नव्या कूलरमध्ये जातो. सोबत कूलंट फिल्टर बसविणे हितावह ठरते.
२) केवळ मजबूत ई.जी.आर. कूलर बसविणे. यात परिणामाचा बंदोबस्त होतो, कारण तसेच राहते. तो काढूनच टाकणे हे तर अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्याविरुद्ध आहे.
३) तेलासाठी पुढील बाजूस हवेने थंड होणारा स्वतंत्र कूलर बसविणे. मूळ कूलरच्या जागी जोडणीचा भाग बसवून तेल नळ्यांद्वारे बाहेर नेले जाते. कूलंटच्या वाटेतील अडथळा दूर होतो व तेलाचे शीतकरण कूलंटच्या स्थितीवर अवलंबून राहत नाही.

तिसऱ्या पर्यायालाही मर्यादा आहेत. लांब नळ्या व सांधे यांमुळे गळतीची ठिकाणे वाढतात. तेल अति थंड राहिल्यास ते घट्ट राहते आणि त्यात मिसळलेली पाण्याची वाफ व इंधन निघून जात नाही. म्हणून तापमान नियंत्रित करणारा थर्मोस्टॅट आवश्यक ठरतो.

समारोप :
सारांश, केवळ मोठा कूलर बसविणे म्हणजे सुधारणा नव्हे. एकाच प्रवाहावर अवलंबून असलेल्या दोन भागांची साखळी तोडणे हे येथील खरे सूत्र आहे. मर्यादित वापराच्या वाहनास स्वच्छता, कूलंट फिल्टर व तापमानातील फरकाची नियमित नोंद पुरेशी ठरू शकते. सतत जड भार ओढणाऱ्या वाहनासाठी मात्र स्वतंत्र ऑइल कूलरचा पर्याय अधिक समर्थनीय वाटतो.